दोघांसाठी दोन हेडफोन

नीज आली दारी, तिला बसाया टाका पाट
कुण्या गावाहून आली, चुकली न्हाई वाट

लग्नाच्या पहिल्या वर्षी मुक्ताबाई पडल्या पडल्या हे गुणगुणायची. हिंदुरावांच्या कानात तो आवाज अजून होता. मुक्ताबाईचं अंथरूण मात्र दिवाळीपासून सैपाकघरात गेलं होतं. तिथं गार वाटतं, एवढंच ती सांगायची. सोलापूरच्या उन्हाळ्यात, चुलीशेजारी, गार!

हिंदुराव गिरणीत साळखात्याचे, म्हणजे मागांच्या खात्याचे, जॉबर; मागांवरचे मुकादमच. हजारांतला तुटका धागा नेमका हुडकणारा माणूस. घरातला धागा तेवढा त्यांना सापडेना. शेवटी त्यांनी ठरवलं, रेडिओ आणायचा, दोन हेडफोन जोडायचे आणि शेजारी शेजारी पडून मुंबईचं गाणं ऐकायचं. मग कळेल तिला, म्हणाले, चूल गार की आमची खोली!

दिवेलागणीला गिरणी सुटली तसे ते थेट गैबीसाबांच्या रेडिओच्या दुकानात शिरले. पहिला हेडफोन सांडशीसारखा डोकं धरायचा. दुसरा बसून बरा, पण कुशीवर वळलं की कानाचा पापड लाटायचा. हे कळलं कसं? फेटा काढून हिंदुरावांनी गैबीसाबांच्या गादीवरच ताणून दिली होती. गिऱ्हाइकं त्यांच्या पायांना वळसा घालून आत येत होती.

तिसऱ्याला मऊ लोकरीची गादी होती. तो चढवून हिंदुराव अगदी हळू कुजबुजले. पण कान झाकलेला माणूस कुजबुजला, की ते अख्ख्या मंगळवार पेठेत जातं.

"गैबीसाब, हे लावल्यावर बायको परत शेजारी निजंल का?"

समोरच्या भाजीवाल्या रंभाबाईनं तागडी खाली ठेवली आणि तडक मुक्ताबाईचं घर गाठलं.

इकडे गैबीसाबांनी रेडिओवर मुंबई लावली आणि पहिल्याच आलापाला हिंदुरावांचा डोळा लागला. थोड्या वेळानं दुकानातून आवाज येऊ लागला. खडीवरून बैलगाडी यावी तसा, मधेच चाक अडकावं तसा, मग लांब शीळ. मुंबईचं गाणं म्हणून माणसं जमली. पखवाज आहे, असं एक म्हणाला. दुसरा म्हणाला, गवई म्हातारा दिसतो, दम लागतोय बिचाऱ्याला. रेडिओचा आवाज हेडफोनबाहेर येतच नाही, हे सांगून गैबीसाबांचा घसा बसला.

हिंदुराव जागे झाले, तो समोर अर्धी पेठ आणि पुढं मुक्ताबाई. मुंबईच्या मैफलीत ही कुठून आली, त्यांना कळेना. लोक का हसतात, तेही कळेना.

मुक्ताबाईनं त्यांच्या कानांवरचा हेडफोन काढला, आपल्या कानांवर चढवला आणि तार उपसून टाकली.

गैबीसाब घाबरून म्हणाले, "बाईसाब, तार काढली तर काईबी ऐकू येणार न्हाई."

त्यांचे नुसते ओठ हलताना बघून मुक्ताबाई दिवाळीनंतर पहिल्यांदा मनापासून हसली. हेडफोन उतरवून, पोराला उचलावं तसा तिनं छातीशी धरला. रेडिओ नको, हा एकच बांधून द्या, असं तिनं सांगितलं.

मग पदर सावरून ती नवऱ्यापाशी वाकली.

"आज अंथरूण आत आणते. सैपाकघरात काई गार न्हवतं वो. तुमी लई घोरता."