जनूभाऊंचा मचवा

जनूभाऊ तरे माणसाची उंची सेंटिमीटरमध्ये सांगतात आणि त्यांच्या मोजणीत आजवर कुणीही चार सेंटिमीटरच्या वर गेलेलं नाही. मी तीन पूर्णांक तीन. आमच्या सोसायटीचा वॉचमन तीन-सहा, म्हणून त्याच्याशी ते जरा आदरानं बोलतात.

कारण असं, की जनूभाऊ शिडाच्या लाकडी जहाजांचे संच तयार करतात. खोक्यात सुटे भाग, सोबत माहितीचं पत्रक. घरी न्यायचं आणि जोडत बसायचं. सगळं एकास पन्नास या प्रमाणात. पन्नास फुटांचं गलबत एक फुटाचं होतं. इतकी वर्षं या प्रमाणात काढल्यावर त्यांना जग मूळ आकारात दिसेनासं झालं आहे. पुतणीच्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि चारचौघांत म्हणाले, "जोडा झकास हाय. मुलगा साडेतीन." मुलाच्या वडिलांनी घाईघाईनं दुरुस्ती केली, की साडेतीन नाही, दोनच एकर आहे. कशेळीकडची माणसं. गोदामं आल्यापासून तिकडे आकडा म्हटला की जमीनच.

जनूभाऊ मूळचे लूम फिटर. भिवंडीत उभा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेला, त्यामुळे अजूनही बोलताना आवाज असा लावतात, की समोर चोवीस लूम चालू आहेत. पहिलं गलबत त्यांनी मोडक्या धोट्याचं केलं. धोटा म्हणजे मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये पोकळ. ते म्हणतात, होडी त्यात होतीच, मी फक्त शीड लावलं. आजही त्यांच्या जहाजांचे दोर लूमच्या सुताचे असतात आणि शिडं भिवंडीच्या कोऱ्या कापडाची. लाकडाचे भाग लेझर मशीनवर कापून देणारे रशीदभाई मला एकदा कळवळून म्हणाले होते, "मास्तर, ये आदमी बाल को भी दो बार नापता है."

पण खरे जनूभाऊ भेटतात ते पत्रकात. पहिल्याच पायरीत लिहिलेलं असतं : 'ज्याला घाई आहे त्याने हे खोके घाई नसलेल्या माणसास द्यावे.' नवव्या पायरीत : 'डिंक वाळेपर्यंत थांबावे. थांबवत नसल्यास पायरी एक पुन्हा वाचावी.' नागपूरच्या एका गृहस्थांनी फोन करून तक्रार केली, की शेवटची फळी बसत नाही, संचात चूक आहे. जनूभाऊंनी त्यांना कणा, बरगड्या, फळ्या असं पहिल्यापासून सगळं वदवून घेतलं. पाऊण तासानं निष्पन्न झालं, की चौदा नंबर आणि एक्केचाळीस नंबर यांची अदलाबदल झाली होती. "संच चुकत न्हाय," जनूभाऊ म्हणाले आणि फोन ठेवला. वाक्याचा दुसरा अर्धा भाग ते समोरच्यावर सोडतात.

या सगळ्यात माझं काम काय? मी शाळेत गणित शिकवतो आणि मला साधा खिळा सरळ ठोकता येत नाही. याच गुणावर माझी निवड झाली. नवा संच बाजारात जाण्याआधी तो मी जोडायचा. "मास्तर, तुमचे हात देवानं घाईत लावलेत. तुम्हाला जमलं म्हंजे कुनालाबी जमेल," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि ते त्यांना कौतुक वाटत होतं. मी जोडतो, ते समोर स्टुलावर बसून माझ्या चुका वहीत टिपतात. आजवर मी त्यांच्या अकरा जहाजांची वाट लावली आहे.

गेल्या वर्षी त्यांनी बारावं काढलं : मचवा. त्यांच्या वडिलांचा मचवा होता. खाडीतून कौलं, मीठ, गवत घेऊन मुंबईला जायचा. मी त्यांना अनेकदा विचारलं होतं, की तोच का करत नाही? दर वेळी ते विषय बदलायचे. आता न विचारता करायला घेतला, याचं मला नवल वाटलं.

पण खरं नवल पुढेच होतं. मी नेहमीप्रमाणे बाह्या सरसावून बसलो, तर म्हणाले, "उजवा हात खिशात."

मला वाटलं, गंमत करताहेत. जनूभाऊ गंमत करत नाहीत. मी हात खिशात घातला आणि डाव्या हातानं मचवा जोडायला बसलो. दोन हातांनी जे जमत नाही ते एका हातानं काय जमणार? कणा उभा धरावा तर बरगडी पडायची, बरगडी धरावी तर कणा आडवा. जनूभाऊंनी वही भरली. पुढच्या आठवड्यात कणा घट्ट बसेल अशी खाच असलेला जड पाट आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात बरगड्या जाड झाल्या आणि आपापल्या खाचेत न धरता उभ्या राहू लागल्या. मग नंबर गेले आणि प्रत्येक भागावर अन् त्याच्या जागेवर सारखी चित्रं आली : मासा, छत्री, हंडा, कोंबडा. पत्रक तर नाहीसंच झालं. ज्या माणसानं 'डिंक' या विषयावर दोन पानं लिहिली होती त्यानं डिंकच काढून टाकला. मी विचारलं, की हे लहान मुलांसाठी आहे का. ते म्हणाले, "मास्तर, हात खिशात."

सातव्या खेपेला मचवा माझ्या एका डाव्या हातानं उभा राहिला. त्या रविवारी त्यांनी मला खोकं उचलायला लावलं आणि आम्ही रिक्षानं खारबावला गेलो.

तिथे त्यांची थोरली बहीण राहते, वत्सलाबाय. आई लवकर गेली, तेव्हा जनूभाऊंना हिनंच वाढवलं. आठ महिन्यांपूर्वी तिची उजवी बाजू गेली होती. तिची सून सुनंदा दारातच मला हळू आवाजात सांगू लागली, की डॉक्टर म्हणतात वाचा परत आलीय, पण त्या बोलतच नाहीत. उजव्या हाताला व्यायाम म्हणून रबरी चेंडू दिला, तो त्यांनी डाव्या हातानं अंगणात भिरकावला. दिवसभर भिंतीकडे बघून असतात.

जनूभाऊंनी तिच्या खाटेपुढे टेबल ओढलं, पाट ठेवला, कणा खाचेत बसवला आणि सुटे भाग पसरले. तिला काहीही सांगितलं नाही. मग लांबच्या खुर्चीत जाऊन बसले.

बराच वेळ काही झालं नाही. आमचा चहा झाला. वत्सलाबाय भिंतीकडेच बघत होती. मग तिचा डावा हात चादरीवरून निघाला आणि माशाचं चित्र असलेल्या बरगडीपाशी थांबला.

तिनं ती उचलली. पडली. पुन्हा उचलली. पहिली बसली, दुसरी बसली, तिसरी उलटी लावली. मी जनूभाऊंकडे पाहिलं. दुसऱ्याची चूक दिसली की या माणसाला स्वस्थ बसवत नाही. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. तिनं थोड्या वेळानं आपणच ती काढली आणि सुलट लावली.

तासाभरानं वरची फळी बसली. तिनं त्यावरून बोट फिरवलं, पुढच्या टोकापासून मागच्यापर्यंत, आणि मध्येच थांबली.

"चूल?" ती म्हणाली.

सुनंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"चूल कुठं हाय?"

जनूभाऊ उठून जवळ गेले. "ऱ्हायली, बाय," ते म्हणाले. संचात चूक असल्याचं त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं.

मग ती बोलायला लागली. शब्द जड पडत होते, मध्येच अडकत होते. डोलकाठीच्या मागं लाकडी पेटी व्हती, तिच्यात माती, मातीवर चूल. बाबा सुकानू धरायचा आन् मी भाकऱ्या थापायची. तू बारका, तुला न्हेत नव्हतो. तू काठावर आत्याच्या कडंवर रडायचास.

म्हणजे वडिलांचा मचवा जनूभाऊंनी पाहिला होता तो काठावरून. आत काय होतं ते हिलाच ठाऊक. त्यांनी खिशातून वही काढली, पेटी केवढी होती ते विचारलं, तिनं डाव्या हातानं दाखवलं, त्यांनी लिहून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, पाण्याचं पिंप कुठं व्हतं? ती सांगू लागली. मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. पिंप तिथे टेबलावरच होतं, हंड्याच्या चित्राचं. मी ते कितीदा तरी बसवलं होतं आणि एकदा चुकलो म्हणून ऐकूनही घेतलं होतं. पुढे त्यांनी विचारलं, शीड कुठनं खेचायचे, बाबा बसायचा कुठं. ते सगळं खोक्यात होतं. ते एकेक विचारत होते आणि ती सांगेल ते शब्द न् शब्द लिहीत होते.

सुनंदानं दुसऱ्यांदा चहा आणला तेव्हा वत्सलाबाय भावाला दम देत होती.

"नीट लिही, बाला. मंग इसरशील."

"लिवतोय, बाय," जनूभाऊ म्हणाले आणि त्यांनी वहीचं पान उलटलं.