इंदूकाकींचा अर्धा पिक्चर

आमच्या शेजारच्या इंदूकाकी भीतीचा पिक्चर पायात चपला घालून बघतात. दार सताड उघडं, स्वतः उंबऱ्याच्या आत उभ्या, एका हातात रिमोट आणि दुसऱ्या हातात घराची किल्ली. बसून बघा की, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, "बसल्यावर उठंस्तवर येळ जातोय. तेवढ्यात मागनं कोण आलं तर?" पिक्चरमधला खुनी शाहूपुरीत तिसऱ्या मजल्यावर कशाला येईल, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, एवढं मात्र मनात आलं.

काकींचा आवाज असा, की त्या कुजबुजल्या तरी खालच्या पानवाल्याला कळतं. नवरा गेल्यापासून त्या मुलगा संजय, सून मेघा आणि शाळेत जाणारी नात यांच्याबरोबर राहतात, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल त्यांचं मत एकच असतं: "लक्षण काय बरं न्हाय." दुधाची पिशवी फुगलेली दिसली, लक्षण बरं नाही. गॅसवाला हसून बोलला, लक्षण बरं नाही. माझी बायको माहेरी गेली होती आणि मी शिट्टी वाजवत जिना चढलो, तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं. ते इतक्या मोठ्यानं, की संध्याकाळी बायकोला फोन करून मलाच खुलासा करावा लागला.

या सगळ्या भीतीला खरं खतपाणी मिळालं ते दुपारी लागणाऱ्या एका पिक्चरमुळे. टीव्हीसाठीच काढलेला, परदेशातला, पण माणसं हिंदीत बोलणारी. एक कुटुंब शहरातलं घर सोडून खेड्यात राहायला जातं. तिथला शेजारी गोड गोड बोलत केक घेऊन येतो, अंगणातल्या विहिरीवर झाकण असतं आणि तळघरात कुणीतरी चालत असतं. चॅनेलवाल्यांकडे दुसरे पिक्चर नसावेत, कारण हा सारखा लागतो. काकी दर वेळी पहिल्यापासून बघतात, आणि बाप बॅटरी घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरायला लागला की टीव्ही बंद करून टाकतात. शेवट त्यांनी कधीच पाहिलेला नाही.

नेमकी त्याच सुमारास मेघाची बदली झाली. ती जनावरांची डॉक्टर. आजऱ्याजवळच्या एका गावातला दवाखाना तिला मिळाला. संजयचं काम लॅपटॉपवरचं, ते कुठूनही होतं, तेव्हा त्यांनी गावातच एक घर भाड्यानं घ्यायचं ठरवलं. काकींनी जिन्यात उभं राहून अख्ख्या इमारतीला ऐकवलं, "जावा कुठं जायचं तिकडं. मी मरंस्तवर शाहूपुरी सोडायची न्हाय." त्यामुळे त्यांना चल म्हणायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पोरं जाणार आणि काकी राहणार, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं.

पण स्वतः घर बघितल्याशिवाय पोरांना पाठवणं काकींना मंजूर नव्हतं. एका रविवारी त्यांनी मला गाडी काढायला लावली आणि मेघालाही बरोबर घेतलं. घर कौलारू, पुढे ऐसपैस अंगण, मागे काजूची झाडं. मला तर तिथंच खाट टाकून पडावंसं वाटलं. काकी मात्र प्रत्येक खोलीची फरशी टाचेनं ठोकून आल्या. खाली तळघर नाही याची खात्री झाल्यावर विहिरीकडे वळल्या, तर तिच्यावर जाळी. मांजरं पडतात म्हणून घातली आहे, असं मेघानं सांगितलं.

"सगळ्यास्नी असंच सांगत्यात," काकी म्हणाल्या.

तेवढ्यात शेजारचे तुकानाना आले. डोक्याला टोपी, तोंडभर हसू आणि हातात झाकलेली परात. कधी भेट नाही, ओळख नाही, तरी म्हणाले, "पावणं, आदी चार घास खावा, मग घर बगा." परातीत गरम भाकऱ्या, ओल्या काजूची उसळ आणि वासाचा भात. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. काकींचा चेहरा मात्र पांढराफटक पडला, कारण त्यांच्या लेखी हा केकवालाच होता.

त्यांनी पहिलं ताट वाढून नानांपुढेच सरकवलं आणि आधी तुम्ही जेवा म्हणाल्या. नाना हसले. पाहुण्यांच्या आधी आम्ही कसं जेवायचं, म्हणाले, आणि ताट परत सरकवलं. काकींनी पुन्हा पुढे केलं. इकडून आग्रह, तिकडून आग्रह, आणि जेवत कुणीच नाही. नानांचं हसू हळूहळू मावळलं. अन्न घेऊन परत जाणं त्यांना शोभेना आणि पाहुण्याआधी घास घेणं जमेना. भाकऱ्या गार झाल्या, मेघा शरमेनं खाली बघत बसली. शेवटी ते ताट मी माझ्याकडे ओढलं आणि खायला सुरुवात केली. परोपकार वगैरे काही नाही, भूक लागली होती. नवीन औषध रोग्याला मानवतंय का बघावं, तशा काकी माझ्याकडे बघत राहिल्या. मी जिवंत राहिलो, तेव्हा त्याही बसल्या आणि उसळ मागून मागून घेतली. नाना इतके खूश झाले, की निघताना त्यांनी काजूची पिशवी गाडीत टाकली.

परतीच्या वाटेवर काकी ती काजूची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. मला वाटलं, खेड्याची भीती गेली. पण सामान हलवायचा दिवस जवळ येऊ लागला तशा त्या खंगतच चालल्या. जेवण कमी झालं, आवाज पानवाल्यापर्यंत पोचेनासा झाला, तोच काळजीनं चौकशी करू लागला. एक दिवस जिन्यात मला अडवून म्हणाल्या, "सुभाष, त्या पिच्चरचा शेवट तू बघ आन मला सांग. मला बघवत न्हाय, आन बघितल्याबिगर ऱ्हावत न्हाय."

मी माझ्या दुकानात बसून मोबाइलवर पिक्चर संपवला. सामान हलवायच्या दिवशी सकाळीच त्यांच्याकडे गेलो. खाली टेम्पो भरत होता. काकी अर्ध्या रिकाम्या झालेल्या खोलीत उभ्या होत्या. मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, की तळघरातला माणूस पोलिसांना सापडतो, शेजारी सज्जन निघतो, कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही, आणि आई, बाप, पोरगी अंगणात बसून जेवतात. आता तरी काकी हसतील असं मला वाटलं.

"आन त्या म्हातारीचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"कुठली म्हातारी?"

"सुरवातीला न्हाय का, त्यांची गाडी निगती तवा फाटकापाशी हुबी असती. हात हलवती. त्या बापाची आई हाय ती."

मी अख्खा पिक्चर पाहिला होता, पण ती म्हातारी मला दिसलीच नव्हती. पुढे ती कुठेच येत नाही. तिला कुणी साधा फोनसुद्धा करत नाही. काकी मात्र इतके दिवस तिलाच बघत होत्या, आणि आम्ही समजत होतो की त्या तळघराला घाबरतात. माझा मलाच राग आला.

"येती की शेवटी," मी बेधडक खोटं बोललो. "त्यांच्याकडंच ऱ्हायला येती."

काकींनी मला निरखून बघितलं. "आपली आपण गेली, का कोण न्यायला आलतं?"

"पोरगा आलता न्यायला."

"मग बरं हाय," त्या म्हणाल्या आणि रिकामी फळी पदरानं पुसू लागल्या.

मला तिथं थांबवेना. जिना उतरून खाली आलो. संजय टेम्पोत चढून कपाटाला दोरी बांधत होता.

"दोरी ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "आदी वर जा, आन आईला सांग न्यायला आलोय म्हणून."