पुंजूआबांची तोंडी

"शाळा सोडल्याचा दाखला?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

पुंजूआबांनी पिशवी टेबलावर ओतली. प्रश्नोत्तरांची वही निघाली. कणकेचा वाळलेला जबडा निघाला, दातांच्या जागी मक्याचे दाणे बसवलेला. एक नवा ब्रश, एक झिजलेला ब्रश, लवंगांची डबी. दहावीचं, बारावीचं, प्रवेश परीक्षेचं, रहिवासाचं, अशी बाकीची सगळी कागदं निघाली. दाखला निघाला नाही.

"मूळ दाखला लागतो," बाई म्हणाल्या. "पाच वाजता यादी बंद होते. नाही आणला तर जागा पुढच्या नंबरला जाईल."

आम्ही धुळ्यात होतो, दातांच्या कॉलेजात. दाखला जळगावात होता, आबांच्या घरात, आणि घराची किल्ली आबांच्या करगोट्याला होती. घड्याळात साडेदहा वाजले होते. प्रवेश आबांच्या नातीचा, निकिताचा. दोन वर्षं पुस्तकात डोकं घालून बसलेली पोर ती. तिच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी पंख्याकडे बघितलं.

मी तिथे पेशंट म्हणून गेले होते. माझ्या तोंडात नऊ दात शिल्लक आहेत. साहेबांनी ऐनवेळी पेशंट मागितला तर आपल्याजवळ आपला असावा, असं आबांचं म्हणणं.

आबा माझे शेजारी. आमची मधली भिंत एकच आहे आणि ती पातळ आहे, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल जरा जास्तच माहिती आहे. भुसावळला ते रेल्वेत पॉइंट्समन होते. गाडी यायच्या आधी रूळ बदलायचे, ते काम. बायको वारली, मुलगा-सून सुरतला कापडाच्या कारखान्यात. निकिता सहावीपासून आबांजवळ. दूध कुणी तापवायचं यावर दोघं रोज सकाळी भांडायची, आणि तेवढ्यात ते उतू जायचं.

परीक्षेत निकिताला मार्क बरे पडले. पण बऱ्या मार्कांची पोरं पुष्कळ असतात. मग धुळ्याच्या एका दातांच्या कॉलेजात जागा रिकामी झाली आणि तिथून फोन आला. तो आबांनी उचलला. पलीकडचा माणूस म्हणाला, "मूळ कागदपत्रं घेऊन पुढच्या सोमवारी हजर राहा. बाकीचं तोंडी सांगू."

आबांनी फोन ठेवला आणि अंगणात येऊन जाहीर केलं, "तोंडी शे!"

निकिता म्हणाली, "आबा, तोंडी परीक्षा नसते. मार्कांवर मिळते जागा."

"दातंसना कॉलेजमा तोंडी नही, तं कोठे व्हई?"

मला विचाराल तर मला ते पटलं.

त्या दिवसापासून ओसरीत तीन खुर्च्या लागल्या. मधल्या खुर्चीवर आबा. डावीकडे मी. उजवीकडची रिकामी, कारण तिथे बसणारा साहेब काही बोलत नाही, नुसता लिहितो. त्या खुर्चीवर आबांनी एक वही आणि पेन ठेवलं होतं. मी एकदा चुकून तिथे सुपारीची पिशवी ठेवली, तर म्हणाले, "अक्का, साहेबना मांडीवर काय ठेवतस?"

निकितानं दारातून यायचं, नमस्कार करायचा, उभं राहायचं. आबा विचारायचे, "नाव?" ती सांगायची. "पुन्हा. नाव?" पुन्हा सांगायची. दिवसाला वीस वेळा नाव. उत्तर पसंत पडलं तर आबा 'हिरवा' म्हणायचे, नाही पडलं तर 'लाल'. लाल म्हटलं की पोरीनं बाहेर जाऊन परत दारातून यायचं.

"दातंसनी डॉक्टर कसाले व्हनं शे?"

"लोकांची सेवा करायची आहे."

"लाल. हाई बठ्ठा लोक सांगतस."

"मला लहानपणापासून आवड आहे."

"लाल."

"अक्कांच्या तोंडाकडे बघवत नाही म्हणून."

"हिरवा!" आबा खुर्चीवरून उठले. "हाई लिख वहीमा."

कणकेचा जबडा त्यांनी स्वतः केला. बत्तीस दाणे मोजून बसवले. पहिला जबडा मुंग्यांनी नेला, दुसऱ्याचे पुढचे दात चिमण्यांनी नेले, तिसरा टिकला. मी म्हटलं, "आबा, माझं तोंड आहे की." ते म्हणाले, "तुमना तोंडमा नऊ शेतस. तेवढ्यावर पोरले पास करतीन का?" वर म्हणाले की मला अक्कलदाढ आलेली दिसत नाही. दोन दिवस मी खुर्चीवर बसले नाही. तिसऱ्या दिवशी बोलवायला आले, सोबत कळण्याची भाकर आणि ठेचा घेऊन. नऊ दातांच्या बाईला ज्वारी-उडदाची कडक भाकर. तरी मी गेले.

एवढा आटापिटा कशासाठी, असं मी एकदा विचारलं. मग त्यांनी सांगितलं. रेल्वेत वर चढायचं तर साहेबांपुढे तोंडी द्यावी लागायची. आबांनी तीनदा दिली. काम येत होतं, रात्रीच्या धुक्यात हातानं चाचपून रूळ बदलणारा माणूस तो. पण पहिल्या वेळेला साहेबानं नाव विचारलं आणि आबांना स्वतःचं नाव आठवेना. दुसऱ्या वेळेला नाव आठवलं, बाकीचं गेलं. तिसऱ्या वेळेला साहेब चांगला होता. त्यानं आधी बसायला सांगितलं, तर आबांना खुर्ची सापडली नाही.

हे सांगताना ते हसले. मीही हसले. निकिता हसली नाही. तिनं दारातून आत येऊन नमस्कार केला आणि न विचारता नाव सांगितलं.

आता दाखला राहिला कसा, ते. शेवटच्या दिवशी आबांच्या डोक्यात आलं की साहेब जन्मतारीख आणि जन्मगाव विचारतील. ते दाखल्यावर असतं. म्हणून त्यांनी फाइलीतून दाखला काढला, हातात धरून पोरीला दहा वेळा जन्मतारीख विचारली, आणि दाखला उजव्या खुर्चीवरच्या साहेबाच्या वहीत ठेवला; प्रश्नोत्तरांची वही पिशवीत आली, ही खुर्चीवरच राहिली. निकितानं झोपायच्या आधी विचारलं होतं, "आबा, सगळं ठेवलं ना?" फाइलीला तिला हात लावू देत नव्हते. म्हणाले, "ठेवेल शे."

तर साडेदहाला निकिता म्हणाली, "मी जाते जळगावला." आबा म्हणाले, "उमेदवारनं जागा सोडानी नही." आणि निघाले. वय शहात्तर, साखर वाढलेली. त्यांना एकट्याला कसं सोडायचं? मी मागे निघाले. पोरगी बाकावर बसली.

घरी पोचायला दीड वाजला. दाखला वहीतच होता. तो हातात घेऊन ते खाटेवर बसले.

"उठा," मी म्हटलं. "लगेच बस मिळाली तर पोचू."

"पानी पी लेऊ द्या."

पाणी प्याले. उठले नाहीत.

"अक्का, माले पारोळालेच याद उनी व्हती."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. सकाळी जाताना आमची बस पारोळ्याला थांबली होती. निकितानं खाली उतरून तिघांसाठी चहा आणला होता. तेव्हाच आबांना दाखला आठवला होता. तिथून मागे फिरलो असतो तर धावपळ न करता काम झालं असतं.

"मग बोलला का नाहीत?"

आबांनी दाखला उलटा केला, परत सरळ केला. "तठे होस्टेल शे," ते म्हणाले. "पाच वरीसनं."

मला समजूत काढता येत नाही. माझा नवरा गेला तेव्हा बायका माझी समजूत काढायला आल्या, तर मी त्यांना चहा करून घालवलं. मी आबांना म्हटलं, "पोरगी तिकडे बाकावर बसली आहे. तुम्ही इथेच बसलात तर बस चुकली म्हणता येईल, तिला कधी कळायचं नाही. पण मला कळेल. आणि मी भिंतीपलीकडे राहते."

ते माझ्याकडे रागानं बघत राहिले. मग उठले, कुलूप लावलं, आणि माझ्या पुढे चालायला लागले. मला त्यांना गाठता येईना.

साडेचार वाजून गेल्यावर आम्ही काउंटरला पोचलो. निकिता त्याच बाकावर होती. सकाळपासून जागा सोडली नव्हती, पाणी प्यायलासुद्धा नाही. बाईंनी दाखला बघितला, शिक्का मारला, एक कागद पुढे सरकवला.

"झालं," त्या म्हणाल्या.

आबा हात मांड्यांना चिकटवून उभे होते. "काही विचारायचं नाही?"

"एकच राहिलं," बाई निकिताकडे बघून म्हणाल्या. "होस्टेल हवंय की घरून येणार?"

निकितानं आबांकडे बघितलं. "पहाटेची बस आहे," ती म्हणाली. "मी रोज येऊन-जाऊन..."

"होस्टेल पाहिजे," आबा म्हणाले. मोठ्यानं, स्वच्छ. "लिहा, मॅडम."

बाईंनी लिहिलं.

निकिता आता दुसऱ्या वर्षाला आहे. पारोळ्याचं मी तिला सांगितलेलं नाही. शेजारच्या घरात पुंजूआबा राहतात, एकटे.