पेशींचा निरोप

डॉक्टरांचं बोलणं घरच्यांना सोपं करून सांगावं तर आपणच, याबद्दल मास्तरांना तिळमात्र शंका नव्हती. सत्तावीस वर्षं ते शाळेत जीवशास्त्र शिकवत होते.

बाबांच्या दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याचे फोड झाले होते. तिथल्या पेशी दोनाच्या चार, चाराच्या आठ होत सुटल्या होत्या. कुठे थांबायचं याचं भानच त्यांना उरलं नव्हतं. डॉक्टर त्यांना लगाम घालणारी एक गोळी देऊन बघत होते.

हे ताईला कळवायला हवं होतं, पण ताईशी बोलणं बंद. घराच्या वाटणीसाठी तिने कोर्टात अर्ज टाकल्यापासून ती दवाखान्यात सकाळी यायची, मास्तर संध्याकाळी. शेवटी त्यांनी मावशीला फोन लावला आणि मोजून दोन वाक्यं सांगितली, "पेशींचं विभाजन थांबलं पाहिजे. नाहीतर बाबा वाचत नाहीत."

मावशीला ऐकू कमी यायचं. त्यातून पेशी म्हणजे तिच्या लेखी कोर्टाची तारीख. तिने ताईला निरोप पोचवला, "डॉक्टर म्हणतात, ते कोर्टातलं विभाजन थांबवा, नाहीतर तुझा बाप जातो."

दुसऱ्याच दिवशी ताईने अर्ज मागे घेतला.

गुरुवारी डॉक्टरांनी दोघांना एकदमच बोलावलं. बाबा डोळे मिटून पडले होते. रिपोर्टवर नजर टाकून डॉक्टर म्हणाले, "फरक नाही. विभाजन चालूच आहे."

ताई गर्रकन भावाकडे वळली. "मी तर परवाच सही करून आले. आता कोण करतंय? तू वकील लावलास ना?"

"कसला वकील?"

"बाप मरायला टेकलाय आणि तुला घराचे तुकडे हवेत!"

मास्तरांच्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागला. "ताई, अगं, पेशी शरीरातल्या. विभाजन त्यांचं."

ताईने स्टूल पुढे ओढलं. "म्हणजे माझ्या अर्जाचा..."

"काही संबंध नव्हता."

"मग बाबांचं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर. पण त्यांचं वय आणि हृदय बघता, फार दिवसांची आशा मी देणार नाही."

मग ताई स्वतःशीच पुटपुटली, "तो अर्ज परत टाकता येत असेल का?" आणि तिने जीभ चावली.

"टाक की," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "पण घाई कशाला? डॉक्टरांनी आत्ताच सांगितलं ना, फार थांबावं लागणार नाही."