अप्पांची राखीव जागा

आमच्या शेजारच्या गुरप्पा अप्पांकडे काहीही मागा, उत्तर एकच: "आमी गेल्यावर न्या." शिडी मागितली, आमी गेल्यावर. लोणच्याची फोड मागितली, आमी गेल्यावर. निम्मं गाव असं त्यांचं वारस होऊन बसलं होतं आणि अप्पांना साधा खोकलासुद्धा येत नव्हता. रोज सकाळी कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून ते ओट्यावर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दानधर्म शिकवत. "देनं हीच पूजा हाय बगा," म्हणताना पानाचा डबा मात्र मांडीखाली सरकवत. असला चिकट माणूस उमरग्यापासून पार कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत दुसरा नसेल.

दुष्काळ पडला. बैल छावणीत गेले. सोसायटीनं जनावरांसाठी विहीर पाडायचं ठरवलं. मी सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळे जमिनीतलं पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याच्या मागं उन्हात हिंडणं माझ्याच नशिबी आलं. त्याच्या तळहातावरचा नारळ सगळ्या शिवारात आडवाच राहिला आणि उभा राहिला तो नेमका अप्पांच्या मळ्यात, त्यांच्या बायकोच्या, गौरम्मांच्या समाधीशेजारी. ती जागा अप्पांनी दगड मांडून स्वतःसाठी राखली होती. लिंगायतांत मयताला बसवून पुरतात. अप्पांना बायकोशेजारी बसायचं होतं.

आम्ही हात जोडले. अप्पा म्हणाले, "आमी गेल्यावर खांदा."

"अप्पा, जनावरं आत्ता मरायलीत!" मी ओरडलो.

"सुम्ने ऱ्हावा, ओरडू नका. लिवून देतो."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी मला मृत्युपत्र लिहायला बोलावलं. मेल्यावर द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं? मी दातओठ खात लिहीत गेलो. ती जागा विहिरीसाठी सोसायटीला. समाधी तेवढी राखावी. अप्पांना गावाच्या मसणवट्यात पुरावं. इथं माझा हात थांबला.

"अप्पा, मग अम्मांजवळ तुम्हाला जागा राहत नाही."

"नको की. डोळं मिटून लिंगैक्य झालो की तिच्याकडंच जायाचं हाय. मंग मातीत जागा धरून काय करू? गावाला पानी लागंल तितं. होऊ द्या गावाचं."

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की माझं डोकंच फिरलं. "एवढा विश्वास आहे तर आजच खणू द्या!"

अप्पांनी मळ्याकडं बोट केलं.

"सांच्याला तितं जाऊन बसतो, सेक्रेटरी. दिसभराचं तिला सांगतो. तुमी खांदाय लागल्यावर म्या कुनाला सांगू?"

मी साक्षीदाराची सही केली आणि उठलो. त्या उन्हाळ्यात छावणीवर पाणी वाहताना मी अप्पांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. विहिरीचा विषय मात्र त्यांच्यापुढं पुन्हा काढला नाही, आणि सोसायटीतल्या कुणाला काढूही दिला नाही.