उंबरठ्याचा परदेशप्रवास

सोमवार, ३ फेब्रुवारी. पहाटे धुकं, नऊनंतर स्वच्छ ऊन, वारा नाही. आज सकाळी मी दारात रांगोळी काढत असताना आमच्या घराच्या उंबरठ्याने परदेशात जाऊन यायचं ठरवल्याचं सांगितलं.

मी हळदीचं बोट तसंच धरून थांबले. उंबरठा सहसा बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हा, माप ओलांडताना, तो "सावकाश, सूनबाई" एवढं म्हणाला होता. त्यानंतर आजच.

"कुठे जायचं म्हणता?" मी विचारलं.

"केतकीकडे. थोडेच दिवस. जास्त नको, सवय नाही."

केतकी आमची मुलगी. सहा वर्षांपूर्वी तिने आपल्या मनाने लग्न केलं आणि ती लाटव्हियात राहायला गेली. निघाली त्या दिवशी ह्यांनी, म्हणजे माझ्या मिस्टरांनी, तिला सांगितलं, "माझ्या घराचा उंबरठा पुन्हा चढू नकोस." हे कोर्टात क्लार्क होते. एकदा बोललेलं मागे घेता येत नाही, असं त्यांचं मत आहे. केतकीही त्यांचीच मुलगी. ती पुन्हा उंबरठा चढली नाही. फोन करते, तो मला.

हे पेपर घेऊन बाहेर आले, तेव्हा उंबरठ्याने त्यांनाही सांगितलं.

"तू कशाला जायचं?" हे म्हणाले.

"तिला इथे यायची मनाई आहे. मला तिथे जायची मनाई आहे का, दिगू?"

ह्यांचं नाव दिगंबर. दिगू म्हणणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तुझ्याबाबत काही आदेश झाला नव्हता," ते म्हणाले आणि खुर्चीत बसून बाजारभाव वाचू लागले.

गुरुवार, ६ फेब्रुवारी. दिवसभर ऊन. बर्ग्यांच्या ट्रॅव्हल्समध्ये गेले. बर्गे आपल्या गावातले, सगळ्यांना काशीपासून सिंगापूरपर्यंत तेच पाठवतात.

"काकू, एवढं लांब जाताय तर पॅरिस घ्या की. मग स्वित्झर्लंड, बर्फात फोटो. ग्रुप आपल्या भागातला, जेवण आपलं."

"जाणाऱ्याला उंचावरचं काही बघायचं नाही," मी म्हणाले. "तो जमिनीलगत असतो."

"मग बघणार काय?"

"एक दार."

बर्ग्यांनी खुर्ची पुढे ओढली. "नुसत्या दाराचं पॅकेज नाही बघा आपल्याकडे. पण करून देऊ. गाव कुठलं?"

"पुर्वाने."

त्यांनी स्क्रीनवरचा नकाशा मोठा करत नेला. शेवटी एका दलदलीच्या कडेला ते गाव निघालं. "इथे हॉटेल नाही, किल्ला नाही, चर्चसुद्धा शेजारच्या गावात. काकू, इथे आपलं कोणी गेलेलं नाही."

"एक जण गेलंय," मी म्हणाले.

मंगळवार, ४ मार्च. मुंबईत दमट, घामाच्या धारा. सुताराकडून उंबरठा चौकटीतून सोडवून घेतला आणि व्हिसासाठी घेऊन गेले. खिडकीपलीकडे एक तरुण बाई होत्या. त्यांनी फोटो मागितला. फोटोत कान दिसत नाहीत, अशी हरकत घेतली. कान नाहीत म्हटल्यावर, मग चालेल, म्हणाल्या.

"व्यवसाय?"

"आत आणि बाहेर वेगळं ठेवणं," उंबरठा म्हणाला.

"तिकडे कुठलीही हद्द विनापरवाना ओलांडणार नाही ना?"

"मी ओलांडत नाही. मला ओलांडतात."

"परत येणार?"

"मी आजवर कुठे गेलेलो नाही, बाई. परत येण्याचा अनुभव नाही."

बाईंनी हे तसंच्या तसं टाइप केलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

रात्रीच्या आधी घरी पोचलो. शेजारच्या मालनवहिनी आमच्या स्वयंपाकघरात, हातात विरजणाची वाटी घेऊन उभ्या होत्या. "आत येऊ का?" त्यांनी मला विचारलं. त्या सकाळपासून तेच विचारत होत्या म्हणे. गल्लीतली शेळी दिवाणाजवळ बसली होती आणि तिला हाकलायचं कुठे, हे कोणाला सांगता येत नव्हतं.

हे छत्री उघडून झोपाळ्यावर बसले होते. मुलीकडे मी येणार नाही, घर सांभाळतो, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

"जेवलात का?" मी विचारलं.

"जेवलो. पण घरी जेवलो असं म्हणता येणार नाही." मी उंबरठा जागेवर बसवून घेतला. मग ह्यांनी छत्री मिटली. "हा नसताना मी घरी थांबलो असं होत नाही. थांबायला घर हवं. मग तिकडे आलो तरी घर सोडून आलो असंही होत नाही."

"म्हणजे येताय?"

"मी केतकीकडे येत नाहीये. उंबरठ्याबरोबर असेन."

मी बरं म्हणाले आणि उद्या उन्हात टाकायला त्यांचा स्वेटर काढून ठेवला.

शनिवार, १९ एप्रिल. पुर्वाने. आभाळ राखाडी, बोचरी थंडी, कुंपणाच्या सावलीत थोडा बर्फ उरलेला. केतकीचं घर लाकडी आहे, रंग पिवळा. दाराला उंबरठा नव्हता. आतली जमीन तशीच सरळ अंगणात उतरत होती. जावई आर्विस पटाशी घेऊन बाहेर तयारच होता. आमचा उंबरठा त्या दाराला दोन बोटं लांब पडला. आर्विसने दोन्हीकडून चौकट तासली. उंबरठ्याला पटाशी लावली नाही. तो बसवून झाल्यावर आर्विस मागच्या दाराने आत गेला आणि केतकी पुढच्या दारात येऊन उभी राहिली.

वाळली आहे. कानशिलावर एक पांढरी बट आली आहे. आत ती, बाहेर आम्ही. मला ओलांडायला काहीच अडचण नव्हती. पण सहा वर्षं मी या दोघांच्या मध्ये उभी होते, अजून थोडं उभं राहणं जमणार होतं.

"बाबा," केतकी म्हणाली, "बाहेर येऊन नमस्कार केला असता. पण हा उंबरठा तुमचा. मला चढायचा नाही."

"माझ्या घराचा, असं म्हटलं होतं," हे म्हणाले. "सध्या तो तुझ्या घराला आहे."

"म्हणजे मनाई उठली?"

"उठली असं मी म्हटलेलं नाही."

"मग काय म्हणताय?"

"अर्थ लावतोय."

"लावा. पण कानटोपी घालून लावा, वारा सुटलाय."

"घातली असती. तुझ्या आईने बॅगेच्या तळाशी कोंबलीय."

"तळाशी नाही, बाजूच्या कप्प्यात आहे," मी म्हणाले.

ह्यांनी कानटोपी काढून घातली. आत कुठेतरी आर्विसने किटली ठेवल्याचा आवाज आला.

"दिगू," उंबरठा म्हणाला, "नवीन जागा आहे, माझी पाठ अवघडली. तू रांगायचास तेव्हा मला अडखळून पडायचास. मग तुझी आई मलाच चापट मारायची. हात् रे उंबरठ्या, माझ्या दिगूला लागलं, म्हणायची. तू लगेच हसायचास."

"आठवत नाही," हे म्हणाले.

"मला आठवतं. तेव्हा मार खाल्ला त्याचं काही नाही, लहान होतास. पण सहा वर्षांपूर्वी बोललास तू, आणि नाव माझं घेतलंस."

ह्यांनी खाली पाहिलं. ओठ हलत होते, जुन्या निकालातलं वाक्य मनात वाचताना हलायचे तसे.

"मनाई तिला होती," ते शेवटी म्हणाले. "मला नव्हती."

त्यांनी बूट काढले. गुडघा वाकत नाही, म्हणून केतकीने आतून हात पुढे केला. त्यांनी तो धरला, दुसऱ्या हाताने उंबरठ्याला स्पर्श करून कपाळाला लावला, आणि उजवा पाय आत टाकला.

"चहा टाकू, बाबा?"

"साखर कमी."

मग मीही आत गेले.

गुरुवार, २४ एप्रिल. ऊन, दलदलीवर पक्षी. पाच दिवस आम्ही कुठे गेलो नाही. हे आणि आर्विस दाराशी बसून असत. एकमेकांची भाषा येत नाही. हे त्याला कोर्टातल्या गोष्टी सांगतात, तो मान हलवतो. आज बॅगा भरायला घेतल्या, तेव्हा उंबरठा म्हणाला, "मी राहतो इथे. पोरगी रोज येता-जाता पाय जपून टाकते. बरं वाटतं."

उंबरठ्याच्या मुक्कामाची चौकशी करायला गावच्या कचेरीतून एक बाई सायकलवर आल्या. त्यांनी मुंबईत टाइप केलेलं वाचलं. परत येण्याचा अनुभव नसल्याचं अर्जदाराने आधीच कळवलं आहे, तेव्हा फसवणूक नाही, असं त्यांचं मत पडलं. त्यांनी उंबरठ्यावरून दोनदा आत-बाहेर करून पाहिलं आणि फरक जाणवतो, असा शेरा मारला.

"आणि आपल्या घराचं काय?" केतकीने विचारलं.

हे मोजे गुंडाळत होते. "घराला उंबरठाच नसेल तर तो चढू नये या आदेशाला विषय उरत नाही."

"म्हणजे काय, बाबा?"

"म्हणजे तिकीट काढ."

रविवार, २७ एप्रिल. फलटण. कडक ऊन, संध्याकाळी ढग, पाऊस नाही. उंबरठ्याला पुर्वाने येथे कायम राहण्याची परवानगी मिळाली. आमच्या दाराला उंबरठा नाही. केतकी आमच्याबरोबर आली. पंधरा दिवस राहणार आहे.