पूर्ण वाक्यातल्या ढगे मॅडम

आमच्या सेलूत कुणाच्या दारात कुत्रं बांधलेलं असतं, कुणाच्या दारात तुळस असते. ढगे मॅडमच्या दारात व्याकरण बसलेलं असतं. त्याच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही.

एकदा शेजारचे गुणवंतभाऊ भोयर धापा टाकत त्यांच्या अंगणात आले आणि ओरडले, "मॅडम! म्हैस!"

मॅडम परसातल्या वाफ्याकडे पाठ करून पेपर वाचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हैस काय? पूर्ण वाक्यात सांग, गुणवंता."

"म्हैस सुटली न, मॅडम!"

"कुणाची? कुठून? आता ती कुठे आहे आणि काय करते आहे?"

गुणवंतभाऊंनी छाती भरून श्वास घेतला. "माही म्हैस दावं तोडून सुटली आन् तुमच्या वाफ्यातली मेथी खाऊन राह्यली!"

"शाब्बास," म्हणत मॅडम मागे वळल्या. वाक्य पूर्ण झालं होतं. मेथीही.

मी प्रमोद. बस स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दहावीला मॅडमनी मला इंग्रजी शिकवलं आणि मी त्यात पस्तीस गुण मिळवले. "पस्तीस तर पस्तीस, आपल्या कष्टाचे आहेत," असं मी एकदा त्यांच्यासमोर म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "ते तुझे नाहीत, प्रमोद. ते तपासणाऱ्याचे आहेत." आज माझी पन्नाशी उलटली, चष्मा लागला, तरी त्या दुकानात आल्या की मी उभा राहतो. माझे गुडघे त्यांना माझ्याआधी ओळखतात.

मॅडमनी लग्न केलं नाही. चौतीस वर्षं त्यांनी एकच संसार केला, उतारा आणि त्याखालचे पाच प्रश्न. या संसाराचे दोन नियम होते. पहिला, उत्तर उताऱ्यातच शोधायचं, पदरचं काही घालायचं नाही. दुसरा, कोरी जागा म्हणजे भोपळा. चुकीचं लिहा, पण लिहा.

पहिला नियम त्यांनी साऱ्या गावाला लावला. "अमक्याच्या पोरीचं जमलं म्हणे," असं कुणी सांगितलं की मॅडम विचारणार, "उताऱ्यात कुठे लिहिलंय?" एका ज्योतिषानं त्यांना शनी वाईट आहे असं सांगितलं. त्यालाही तोच प्रश्न. त्यानं बिचाऱ्यानं पंचांग उघडून दाखवलं. मॅडमनी त्यातल्या छपाईच्या दोन चुका काढल्या आणि शनी तसाच राहिला.

निवृत्तीनंतर मात्र त्यांचे फार हाल झाले. तपासायला वह्या नाहीत, तर त्यांनी लग्नपत्रिका तपासायला घेतल्या. गावात पत्रिका वाटली की आठ दिवसांत मॅडमकडून ती लाल शाईत परत यायची. माझ्या पुतणीच्या पत्रिकेला दहापैकी सहा मिळाले. खाली शेरा होता, "अक्षर बरे. स्थळाचा पत्ता अपुरा." शेरा खरा निघाला. नवरदेवाच्या मामाकडची माणसं दुसऱ्याच मांडवात जेवून आली.

अशा उपाशी दिवसांत मेई भेटली.

वर्ध्याला हिंदी शिकायला परदेशातून मुलं येतात. मेई त्यांतली, चीनमधली. मॅडम वर्ध्याहून सेलूला परत येत होत्या आणि ही पोरगी पवनारचा आश्रम बघायला निघाली होती. बसमध्ये तिनं हात जोडून विचारलं, "माताजी, यदि आपको कोई असुविधा न हो, तो क्या मैं आपके पास वाली सीट पर बैठ सकती हूँ?"

मॅडमनी मला नंतर सांगितलं, "प्रमोद, अख्ख्या नोकरीत इतकं पूर्ण वाक्य माझ्याशी कुणी बोललं नव्हतं."

पवनार आलं आणि मागे गेलं. मेई उतरली नाही, मॅडमनी उतरू दिलं नाही. दोघी सेलूत उतरल्या. मॅडमकडे भाकरी आणि वांग्याची भाजी खाता खाता मेईनं आईची गोष्ट सांगितली. आई नर्स. तिच्या इस्पितळात परदेशी रोग्यांसाठी वेगळा विभाग होता आणि तिथली मुख्य नर्स व्हायचं, तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागे. आई तीनदा नापास झाली होती. चौथी संधी शेवटची.

"व्याकरणात नापास की उताऱ्यात?" मॅडमनी विचारलं.

"उताऱ्यात," मेई म्हणाली.

मॅडमनी भाकरी ताटात ठेवली. तलवार म्यानातून काढावी तसा चष्मा खोक्यातून काढला. आणि चार दिवसांनी वर्ग सुरू झाला.

मेईनं मॅडमच्या फोनमध्ये सगळी जुळवाजुळव करून दिली. आपल्याकडे साडेचार वाजले की तिकडे संध्याकाळचे सात. पडद्यावर मेईची आई आणि तिच्या सोबतीला बसणाऱ्या, तिच्याबरोबर काम करणाऱ्या तिघी नर्स, चौघीही ताठ बसलेल्या. अडचण एकच. मॅडमच्या घरात रेंज नाही. शोधता शोधता ती सापडली गुणवंतभाऊंच्या अंगणात, कडुनिंबाखाली, म्हशीच्या दाव्यापासून तीन पावलांवर. त्यामुळे चीनमधून बघणाऱ्याला मॅडमच्या डाव्या खांद्यावर कायम एक म्हैस दिसायची. रवंथ करताना ती अगदी उजळणी करणाऱ्या विद्यार्थिनीसारखी वाटे. चौघी रोज आधी मॅडमना नमस्कार करायच्या आणि मग तिला.

पुस्तकातले उतारे मॅडमनी आठ दिवसांत फेकून दिले. दीपगृहाचा रखवालदार, बर्फात हरवलेला कुत्रा. नर्सना ते सगळे पाठ होते. मग मॅडम स्वतःच इंग्रजीत उतारे लिहू लागल्या आणि ते छापायला माझ्याकडे येऊ लागले. गुणवंतभाऊंची म्हैस, बस स्टँडवरचा रसवंतीवाला, अल्लीपूरची चुकलेली वरात. सेलू आंतरराष्ट्रीय झालं! गुणवंतभाऊ पानठेल्यावर सांगू लागले, "माही म्हैस चीनमधी पाठ करून राह्यले लोक." रसवंतीवाल्यानं दुकानात उतारा चौकटीत लावला. उरलेले रुसले. "मॅडम, मले काऊन नाई घेतलं? मी का माणूस नाई?" असं विचारायला लोक येऊ लागले. मॅडम म्हणायच्या, "तुझ्यावर पाच प्रश्न निघत नाहीत."

आणि एके दिवशी घोडं अडलं. मॅडमनी उतारा दिला होता. गुणवंतभाऊ सकाळी उठले. त्यांनी चहा घेतला नाही. ते बराच वेळ म्हशीशी बोलत बसले. बायकोनं दार जरा जोरात लावलं. प्रश्न असा होता की, घरात काय घडलं असावं?

तिघींनी काहीबाही लिहिलं. मेईच्या आईनं जागा कोरी सोडली. पहिल्या तीन वेळेला ती अशाच प्रश्नांवर पडली होती.

"का सोडलंत?"

मेईची आई अदबीनं इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, उताऱ्यात कुठे लिहिलंय?"

मी तेव्हा कागद द्यायला अंगणात गेलो होतो. मॅडमचाच दगड हिमालय ओलांडून परत आला होता.

तेवढ्यात दारातून गुणवंतभाऊंच्या बायकोनं, शोभावहिनींनी तोंड उघडलं. "मॅडम, आमच्या घरचं भांडण चीनमधी काऊन नेता?"

"भांडण झालं होतं?" मॅडम एकदम वळल्या. "मी तर मनानंच लिहिलं होतं!"

"मंगयवारी झालं. साऱ्या गल्लीले मालूम हाय. तुमालेच नाई."

त्या दिवसापासून मॅडम विद्यार्थिनी झाल्या. न लिहिलेलं वाचायला शिकू लागल्या. गावाची झोप उडाली. "प्रमोद, आज तुझ्या शर्टाची वरची गुंडी चुकलीय. बायको माहेरी गेली?" गेली होती. "रसवंतीवाल्या, ग्लास दोनदा विसळलास. आतल्या बाकावर पाहुणे कोण आलेत?" मुलगी बघायला आले होते. लोक मॅडम दिसल्या की गुंड्या तपासू लागले.

आणि मग त्यांना किल्ली सापडली. त्यांनी मेईच्या आईला विचारलं, "रोगी म्हणतो दुखत नाही, आणि त्याला दुखत असतं. तुम्हाला कसं कळतं?"

"चेहऱ्यावरून. तो चादर मुठीत धरतो त्यावरून."

"मग चादरीवर कुठे लिहिलेलं असतं?"

मग मेईची आई हळूहळू हसायला लागली. मागच्या तिघीही हसल्या. मॅडम म्हणाल्या, "उतारा म्हणजे अंथरुणावरचा रोगी आहे, बाई. वाचा आता." त्या दिवशी तिनं लिहिलं की, गुणवंतभाऊ बायकोची क्षमा मागण्याचा सराव म्हशीपुढे करत असावेत. गुणवंतभाऊंना हे कळलं तेव्हा ते कानापर्यंत लाल झाले. बरोबर होतं.

परीक्षा झाली. निकालाला आठ दिवस होते. आता आमच्या गावचा उत्साह असा, की त्याला आठ दिवस धीर धरवत नाही. फ्लेक्स छापणाऱ्याच्या साळ्याचं अल्लीपूरला लग्न होतं. तो आठवडाभर दुकान बंद ठेवणार होता. म्हणून गुणवंतभाऊंनी फ्लेक्स आधीच छापून घेतला. छापलेला घरात ठेवला तर घडी पडते, म्हणून लावूनही टाकला. बस स्टँडवर, बारा फुटांचा. "मेईची माय परीक्षेत पास झाल्याबद्दल समस्त सेलूवासीयांतर्फे हार्दिक अभिनंदन!" मध्ये पांढऱ्या टोपीतली मेईची माय, भोवती काळे चष्मे लावलेले सोळा शुभेच्छुक आणि खाली उजव्या कोपऱ्यात, गुणवंतभाऊंच्या हट्टाखातर, म्हैस.

मॅडमनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "निकाल कुठे लिहिलाय?" एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या बस स्टँड टाळून मागच्या गल्लीनं येऊ लागल्या.

"भेऊन राह्यल्या मॅडम," गुणवंतभाऊ मला म्हणाले. "नापास झाली त मेईची माय तोंड कुठं दाखवन? आन् आपला फ्लेक्स?"

मलाही तसंच वाटलं. पण एकदा दुकानात कागदाची घडी करता करता मॅडमनी विचारलं, "प्रमोद, पास झाल्यावर विद्यार्थी पुन्हा येतात का रे?"

मी नेहमीच्या थट्टेच्या सुरात म्हणालो, "मॅडम, मी कुठे आलो होतो?"

त्या हसल्या नाहीत. त्या गेल्यावर मला माझंच वाक्य टोचत राहिलं. मेईची माय नापास झाली तर तिची शेवटची संधी गेली. आणि पास झाली तर साडेचारचा वर्ग संपला. मॅडम सहा महिने जीव तोडून तेच काम करत होत्या, ज्यानं त्यांची दुपार पुन्हा रिकामी होणार होती.

निकालाच्या दिवशी कडुनिंबाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. सोळाही शुभेच्छुक काळ्या चष्म्यांसकट हजर. वाजंत्री कोपऱ्यात तयार. मेई वर्ध्याहून गोरसपाक बिस्किटांचे डबे घेऊन आली होती, पण ते उघडू देईना. आईनं निकाल तिलाही सांगितला नव्हता. साडेचारला पडदा उजळला. मेईची माय उभी राहिली आणि मॅडमची आदर्श शिष्या या नात्यानं तिनं पूर्ण इंग्रजी वाक्य सुरू केलं. "आदरणीय मॅडम, आपणांस कळवावेसे मला वाटते की, गेल्या आठवड्यात झालेल्या परीक्षेत, आपल्या मार्गदर्शनाखाली बसलेली मी..."

आणि रेंज गेली. मेईची माय तोंड उघडं ठेवून गोठली. अख्खं सेलू गोठलं. गोल चकती फिरत राहिली. कुणीतरी म्हणालं, "म्हशीले सरकवा, म्हशीले!"

पडदा हलला. आणि ज्यांनी उभ्या जन्मात अर्धं वाक्य खपवून घेतलं नाही, त्या ढगे मॅडम खुर्चीतून उठून ओरडल्या, "पास?"

तिकडून तसंच, तेवढंच, "पास!"

मग काय विचारता! वाजंत्री सुरू झाली, गोरसपाकाचे डबे फुटले, गुणवंतभाऊ शोभावहिनींना टाळी देऊन बसले. तिकडे चौघी नाचत होत्या, इकडे सोळा. वाजंत्रीनं बिथरून म्हशीनं दावं तोडलं आणि थेट मॅडमच्या मेथीत शिरली. कुणी काही सांगायला गेलं नाही. मॅडमनी पाहिलं आणि म्हणाल्या, "खाऊ दे."

दोन दिवसांनी मेई माझ्या दुकानात एक कागद छापायला घेऊन आली. तिच्या आईनं मॅडमसाठी स्वतः उतारा लिहिला होता, खाली पाच प्रश्न. माझ्या पस्तीस गुणांनाही झेपेल इतकं साधं इंग्रजी होतं.

"सेलू गावात एक शिक्षिका आहेत. त्यांचा वर्ग एक तासाचा असतो. तास संपला की त्या विचारतात, आज काय रांधलं? भात कसा झाला? मग म्हणतात, चला, मला पुष्कळ कामं आहेत. पण फोन त्या कधीच आधी बंद करत नाहीत. तो आम्ही करतो. एकदा आम्ही चौघींनी ठरवून केला नाही. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून पाऊण तास म्हैस पाहिली."

पाचवा प्रश्न होता, शिक्षिका फोन आधी का बंद करत नाहीत?

मॅडमनी दुकानात येऊन तो माझ्या काउंटरवर उभ्यानंच सोडवला. चार उत्तरं पूर्ण वाक्यांत, रेघ सोडून, समास राखून. पाचव्यापाशी पेन थांबलं. मग त्यांनी टोपण लावलं.

"मॅडम," मी हळूच म्हणालो, "कोरी जागा म्हणजे भोपळा."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मेईच्या मायले समजते ते."

मायले! चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून असं बोलणं मी ऐकलं नव्हतं. मी कागदाचा फोटो काढून पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम साडेचारला गुणवंतभाऊंच्या अंगणात गेलो. परीक्षा संपली होती, वर्ग संपला होता. कडुनिंबाखाली मॅडम खुर्ची टाकून बसल्या होत्या. फोन मांडीवर.

"म्हशीची तब्येत बघायला आले," त्या मला म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं.

चार एकतीस झाले. चार बत्तीस झाले. आणि फोन वाजला.

मेईची माय होती, नव्या टोपीत. शेजारी त्या तिघी आणि मागे दाटीवाटीनं आणखी सहा अनोळखी चेहरे, हातात वह्या, सगळे म्हशीला नमस्कार करणारे. पुढच्या परीक्षेला बसणाऱ्या नर्स. मेईच्या मायनं तपासलेला कागद कॅमेऱ्यासमोर धरला. पाचव्या प्रश्नाखालची जागा कोरीच होती. तिच्यापुढे लाल शाईत पूर्ण गुण.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"चुकीचं तपासलंय," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.